'निरीक्षण' म्हणजे नक्की कोणी काय करायचं? (इलेक्ट्रॉन, डोळा आणि नोंद)

सांजवात
नमस्कार मंडळी. मी शाळेत मराठी शिकवते. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. तरी हा धागा काढतेय, कारण गेला आठवडाभर डोक्यात दुसरं काही नाही.

माझी भाची बारावीला आहे. तिच्याकडे मुलांना प्रोत्साहन म्हणून एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी सांगितलं, इलेक्ट्रॉनकडे पाहिलं की तो कण होतो, पाहिलं नाही तर लाट राहतो. म्हणजे जग आपल्या पाहण्यातून घडतं. म्हणून मनात धराल तेच होतं, आणि झालं नाही तर तुमचं मन कमी पडलं. पुढच्याच आठवड्यात पूर्वपरीक्षेचे गुण आले, कमी आले. रात्री माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मी मनात भीती धरली म्हणूनच झालं ना असं? विज्ञानातच आहे तसं."

मला उत्तर देता आलं नाही. ते चुकीचं आहे एवढं आतून ठाऊक होतं, पण का चुकीचं ते सांगता येईना. मग माझ्या परीने मी शब्दाकडे वळले. निरीक्षण. त्यात 'ईक्ष्' आहे, म्हणजे पाहणं. पाहणं आलं की डोळा आला, डोळा आला की डोळ्यामागचं मन आलं. शास्त्रज्ञांना हेच म्हणायचं होतं का? इलेक्ट्रॉनला कोणी पाहिलं म्हणजे नेमकं काय घडलं? आणि कोणी पाहत नसताना तो असतो का? जाणकारांनी कृपया समजेल असं सांगा. मला ते तिच्यापर्यंत पोचवायचं आहे.

चहाबाज
शास्त्र माहीत नाही, पण आमच्या घरी निरीक्षणाचा परिणाम रोज दिसतो. गॅससमोर उभं राहून दुधाकडे पाहत राहिलं तर ते उतू जात नाही. मान वळवली की गेलंच. :)
भाचीला सांगा, गुण दूध नव्हेत. पुढच्या परीक्षेला शुभेच्छा.

रानवाट
सोपं आहे हो. इलेक्ट्रॉन इतका बारीक की त्याला पाहायला प्रकाश टाकला तरी त्याला धक्का बसतो. अंधारात हाताने चाचपून भोवरा शोधावा तसं. हात लागला की भोवरा पडला. यात मनाचा काही संबंध नाही. विषय संपला.

प्रकाशकण
सांजवात ताई, मी प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन फटींचा प्रयोग. समोर दोन बारीक फटी, पलीकडे पडदा. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. पहिले शंभरेक ठिपके कुठेही पडल्यासारखे वाटतात, पण हजारो ठिपके साठले की त्यांतून उजेड-अंधाराचे पट्टे दिसू लागतात, पाण्यात दोन लाटा एकमेकींवर आल्यावर दिसतात तसे. जपानमध्ये हिताची कंपनीच्या संशोधकांनी 1989 मध्ये हे ठिपक्याठिपक्याने घडताना नोंदवलं. फटीपाशी 'हा कुठल्या फटीतून गेला' हे कळण्याची सोय केली, की पट्टे नाहीसे होतात. व्याख्यानात सांगितलं ते इथवर बरोबर आहे.

गफलत पुढे होते. आमच्या खोलीला कुलूप असतं, दिवे बंद असतात. शनिवारी उपकरण चालू करून आम्ही घरी जातो, आकडे आपोआप संगणकात साठतात. सोमवारी सकाळी चहा घेऊन कोणीतरी फाइल उघडतं. पट्टे असतील की नसतील हे शनिवारी कुठलं उपकरण कुठे ठेवलं यावर ठरतं. सोमवारी कोणी, कुठल्या मनःस्थितीत, काय इच्छा धरून फाइल उघडली याने एक ठिपकाही हलत नाही. हलत असता तर माझा प्रबंध दोन वर्षं आधी झाला असता.

रानवाट, भोवऱ्याची उपमा चांगली आहे, पण ती पुरत नाही. हायझेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1927 मध्ये तीच वापरली होती: गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकातून इलेक्ट्रॉन पाहायचा, आणि पाहताना त्याला धक्का बसणार. डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोरने तेव्हाच त्यातल्या उणिवा दाखवल्या. धक्क्याच्या गोष्टीत आपण असं गृहीत धरतो, की इलेक्ट्रॉनला नेमकी जागा आणि नेमका वेग आधीपासून होता आणि आपण तो बिघडवला. शिवाय फक्त डाव्या फटीपाशी शोधक ठेवा, म्हणजे इलेक्ट्रॉन आला की वाजणारं उपकरण. तो वाजला नाही आणि पडद्यावर ठिपका पडला, तर तो इलेक्ट्रॉन उजवीकडून आला. त्याला कोणी शिवलंसुद्धा नाही. तरी अशा ठिपक्यांतून पट्टे उमटत नाहीत.

रानवाट
हे शेवटचं खरंच माहीत नव्हतं. न शिवता पट्टे जातात? मग जातात कशाने?

प्रकाशकण
'कुठून गेला' ही माहिती जगात कुठेतरी उमटली म्हणून.

मला सर्वांत आवडणारा प्रयोग व्हिएन्नाचा आहे. तिथे अँटन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने 1999 मध्ये 60 कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंचे पट्टे मिळवले. 2004 मध्ये त्यांनी 70 अणूंचे रेणू घेतले आणि वाटेवर येण्याआधी लेसरने तापवले. तापलेलं लोखंड जसं लाल दिसतं, तसा तापलेला रेणूही प्रकाश सोडतो. जसजसा रेणू जास्त तापवला तसतसे पट्टे फिकट होत गेले आणि शेवटी गेले. तिथे रेणूकडे कोणी पाहत नव्हतं. रेणूने स्वतःच सोडलेला प्रकाश 'मी इथून चाललोय' ही खबर घेऊन बाहेर निसटला, आणि निर्वात नळीच्या भिंतीत जिरला. तेवढं पुरलं.

ताई, तुम्ही शब्दावरून सुरुवात केलीत, म्हणून विचारतो: 'निरीक्षण'ऐवजी 'नोंद' म्हटलं तर? तलाठ्याच्या दप्तरातली नोंद कोणी वाचो न वाचो, ती असते.

सांजवात
नोंद! या शब्दात डोळा नाही. आज तिला एवढंच सांगते आधी. बाकी वाचतेय, लिहीत राहा.

गोदाकाठ
मी सत्तरी ओलांडलेला, नाशिकचा. वाचन आहे, शास्त्राचं शिक्षण नाही. इतक्या सहज मनाला बाहेर काढू नका असं मला वाटतं.

व्याख्यात्याने मुलीला दोष दिला ते अक्षम्य आहे, त्यावर दुमत नाही. पण प्रश्न जुना आहे. आपल्याकडे त्रिपुटी सांगितली आहे: द्रष्टा, दृश्य आणि दर्शन. ज्ञानोबांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत हाच विचार आहे, आरसा आणि मुख यांच्या दृष्टांतासह. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर उपनिषदांचा वाचक होता. यूजीन विग्नरसारख्या नोबेल मिळालेल्या माणसाने 1961 मध्ये लिहिलं, की जाणीव आल्याशिवाय ही साखळी पुरी होत नाही. उपकरणाने इलेक्ट्रॉनची नोंद केली म्हणता. पण उपकरणही अणूंचंच ना? मग तेही 'डावीकडून' आणि 'उजवीकडून' अशा दोन्ही अवस्थांत एकदम अडकणार. त्याला पाहणारं दुसरं उपकरणही. कुठेतरी थांबायला द्रष्टा लागेलच.

विषमभुज
गोदाकाठ काका, साखळीचा मुद्दा अगदी रास्त आहे. गणितज्ञ फॉन नॉयमनने 1932 मध्ये तो गणितात मांडला: मोजणारा आणि मोजलं जाणारं यांच्यातली रेघ कुठेही ओढा, उत्तर तेच येतं. पण विग्नरचं पुढचंही सांगायला हवं. जर्मनीच्या डीटर त्से याने 1970 मध्ये दाखवलं की मोठी वस्तू भोवतालापासून कधीच सुटी नसते. हवा, उष्णता, प्रकाश तिची खबर सतत बाहेर नेत असतात. हे पटल्यावर विग्नरने पुढे जाणिवेचा आग्रह सोडून दिला. आणि श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती हे खरं, पण त्याच्या 1926 च्या समीकरणात जाणिवेसाठी एकही अक्षर नाही.

पाथरवट
मी भूशास्त्राचा माणूस. या वादात माझा एक दगड ठेवतो.

अॅपेटाइट नावाचं खनिज असतं. त्यात किंचित युरेनियम असतं. युरेनियम-238 चा एखादा अणू क्वचित आपोआप दुभंगतो. कधी दुभंगेल हे कोणीही सांगू शकत नाही, ती शुद्ध पुंजभौतिकीची (क्वांटम फिजिक्सची) घटना आहे. दुभंगला की त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना सुसाट जातात आणि स्फटिकात ओरखडा पडतो. लांबी साधारण 16 मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहून कमी. आम्ही खनिज घासून गुळगुळीत करतो, सौम्य नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओरखडे सुयांसारखे दिसतात. ते मोजून खडक कधी थंड झाला ते काढता येतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या जुन्या खडकांवर असं काम झालेलं आहे, किनारा आणि घाट कसे घडले ते समजण्यासाठी.

पहिला असा ओरखडा मी पाहिला तेव्हा मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, "हा पडला तेव्हा माणूस नव्हता." मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक क्षण, एक अणू, आणि त्याची नोंद दगडात तशीच. कोणी आम्लात बुडवील म्हणून ती थांबली नव्हती.

तांबडमाती
पाथरवट, अंगावर काटा आला वाचून. फोटो टाका ना.

गोदाकाठ
सुंदर लिहिलंत पाथरवट. पण मी हट्टी आहे. तुम्ही भिंगाला डोळा लावेपर्यंत 'ओरखडा आहे' आणि 'ओरखडा नाही' असे दोन्ही दगड एकत्रच होते, असं कोणी म्हणालं तर ते खोटं कसं पाडाल?

पाथरवट
काका, प्रयोगाने खोटं पाडता येणार नाही, मान्य. पण मग डायनोसॉरही मी हाड उकरेपर्यंत 'होता आणि नव्हता' असं म्हणावं लागेल. मला ते जड जातं.

विषमभुज
भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने हाच प्रश्न विचारला होता. जगाचं वेव्ह फंक्शन (सगळ्या शक्यता एकत्र मांडणारं गणित) एका उत्तरावर यायला पहिला एकपेशी जीव येईपर्यंत अब्जावधी वर्षं ताटकळत होतं का, की कोणी पीएचडी होईपर्यंत? याच लेखात त्याची तक्रार होती की 'मापन' हा शब्दच भौतिकशास्त्राच्या पायातून काढून टाका, त्याने फार घोळ घातलाय. 1990 मधला लेख, त्याच वर्षी तो गेला. सांजवात ताई, शब्दावर संशय घेणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

चहाबाज
माझ्या दुधाचं कोणी काही बोललंच नाही.

प्रकाशकण
बोलतो! तुमचं दूध खरं निघालेलं आहे. 1977 मध्ये बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी गणिताने दाखवलं, की एखादी पुंज-अवस्था बदलू पाहत असताना तिचं सारखंसारखं मापन केलं तर ती बदलतच नाही. सुदर्शन मूळचे केरळचे, आणि उमेदवारीची काही वर्षं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. 1990 मध्ये अमेरिकेत बोल्डर इथे बेरिलियमच्या सुमारे 5000 आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) हे करून पाहिलं. 256 मिलिसेकंदांत सगळे आयन वरच्या अवस्थेत जायला हवेत. मधे लेसरचे 64 ठोके दिले, तर जवळजवळ कोणीच गेलं नाही. मात्र इथेही 'पाहिलं' ते लेसरने. आयनाने प्रकाश विखुरला की नाही, ही नोंद.

तुमचं दूध मात्र फुंकर आणि ढवळण्याने थांबतं, त्याला सुदर्शन लागत नाहीत.

मधुरा_बर्लिन
थोडं अवांतर, पण याच प्रश्नाचं. बर्लिनजवळ कापुथ नावाचं गाव आहे, तळ्याकाठी. तिथे आइन्स्टाइनचं लाकडी उन्हाळी घर आहे, 1929 मध्ये बांधलेलं. 14 जुलै 1930 ला रवींद्रनाथ ठाकूर तिथे त्याला भेटायला गेले होते, आणि दोघे नेमके याच विषयावर बोलले: माणूस नसेल तर सत्य असतं का? ठाकूर म्हणत होते, सत्य मानवी मनाशी जोडलेलंच असतं. आइन्स्टाइन म्हणत होता, घरात कोणी नसलं तरी ते टेबल जागच्या जागी असतं. सिद्ध करता येत नाही हे त्यानेही कबूल केलं. त्याने ती आपली श्रद्धा म्हणून सांगितली. शास्त्रज्ञ श्रद्धेच्या बाजूला आणि कवी तर्काच्या! मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पाऊस होता, आत दुसरं कोणी नव्हतं. त्या रिकाम्या खोलीत उभं राहून मला आइन्स्टाइनचं म्हणणं पटावंसं वाटलं.

रानवाट
म्हणजे आइन्स्टाइन बरोबर होता? इलेक्ट्रॉनला जागा असतेच, आपल्याला ठाऊक नसते एवढंच?

विषमभुज
टेबलाबाबत बरोबर. इलेक्ट्रॉनबाबत तसं म्हणणं फार महागात पडतं.

हा वाद नुसता गप्पांचा राहिला नाही, याचं श्रेय बेलचं. 1964 मध्ये त्याने दाखवलं: जोडीतल्या दोन कणांना सगळी उत्तरं आधीपासून ठरलेली असतील, आणि इथल्या मापनाचा तिथल्या कणावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर निकालांच्या जुळणीचा एक आकडा 2 च्या वर जाणार नाही. पुंजभौतिकी म्हणते 2.83 पर्यंत जाईल. 1972 मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर, 1982 मध्ये आस्पे यांनी मोजलं, जुळणी मर्यादेबाहेर. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला दोन उपकरणं 1.3 किलोमीटर अंतरावर ठेवली. प्रकाशालाही ते अंतर कापायला चार मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात, आणि दोन्हीकडची मापनं त्याआधी उरकली. 18 दिवसांत 245 जोड्या मिळाल्या. आकडा आला 2.42. आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना 2022 चं नोबेल याच कामासाठी.

तेव्हा एक तर उत्तर मोजण्याआधी ठरलेलं नसतं, किंवा ठरलेलं असेल तर दूरवरच्या घटना तत्काळ एकमेकींना खबर देतात. डेव्हिड बोमने 1952 मध्ये दुसरी वाट धरली. त्याच्या मते इलेक्ट्रॉनला सदैव जागा असते. ती वाटही चुकीची ठरलेली नाही. मी स्वतः ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या 1957 च्या मार्गाचा: सगळी उत्तरं येतात, आपण त्यांतल्या एका फांदीवर असतो.

पाथरवट
म्हणजे ज्या फांदीवर ओरखडा नाही तिथला मी बेकार.

गोदाकाठ
आता मला एक कबुली द्यायची आहे आणि एक प्रश्न ठेवायचा आहे. कबुली ही, की माझ्या इच्छेने इलेक्ट्रॉन हलतो असं मानायला कुठलाच आधार दिसत नाही. त्रिपुटीचा विचारही तसं सांगत नाही. तो पाहणाऱ्याला अहंकार सोडायला सांगतो, आणि व्याख्यानात नेमकं उलट झालं. प्रश्न हा: नोंद झाल्यावर पट्टे का जातात ते कळलं. पण दोन शक्यतांतून *हीच एक* नोंद का झाली?

प्रकाशकण
काका, तुम्ही बरोबर तिथे बोट ठेवलंत. भोवतालात खबर पसरली की दोन शक्यता एकमेकींत मिसळायच्या थांबतात, एवढं आज प्रयोगाने पक्कं आहे. त्यांतली एकच आपल्या वाट्याला का येते, यावर बोर, बोम आणि एव्हरेट यांची उत्तरं वेगळी आहेत आणि एकमत नाही. मी रोज हे उपकरण हाताळतो आणि तरी हा प्रश्न मला उघडाच वाटतो. पण तो उघडा आहे म्हणून त्याच्या आड कोणीही काहीही विकावं, हे मला सहन होत नाही.

ताई, भाचीला हे हातात घेऊन दाखवा. पोलरॉइड फिल्मचे तीन तुकडे मिळवा. ही फिल्म एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देते. दोन एकमेकांवर काटकोनात ठेवले की काळोख. आता तिसरा त्या दोघांच्या *मधे* 45 अंशांत सरकवा. उजेड येतो! एक अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला. कारण मधली फिल्मही एक नोंद करते, आणि नोंदीने पुढचा निकाल बदलतो. आदर्श फिल्म असेल तर मूळ उजेडाचा आठवा भाग.

रानवाट
आत्ताच केलं, थ्रीडी सिनेमाचे दोन चष्मे घरात होते. फिरवून फिरवून दमलो, काळोखच होत नाही.

प्रकाशकण
ते चष्मे वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे असतात, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरणाऱ्या प्रकाशासाठी; त्यांत फिल्मवर आणखी एक पापुद्रा असतो. एकामागे एक धरून फिरवले तर उजेड सारखाच राहतो. साधी फिल्म हवी, शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते.

तांबडमाती
पण हे तर लाटांच्या जुन्या नियमाने समजतं. मालुसचा नियम, फिल्मच्या कोनावरून किती उजेड जाईल ते सांगणारा, एकोणिसाव्या शतकातला. यात पुंज कुठे आलं?

प्रकाशकण
खरं आहे, भरपूर उजेडात लाट पुरते. पण उजेड इतका कमी करा की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, जाईल. फोटॉन अर्धा आरपार जात नाही. एक तर गेला, नाही तर फिल्मने शोषला. तरी हजारोंची सरासरी तोच आठवा भाग देते. तिथे लाटेचा नियम शक्यतेचा नियम होतो.

सांजवात
मंडळी, चार दिवसांनी येतेय. फिल्म मिळाली. काल रात्री वीज गेली होती, टॉर्चसमोर धरून आम्ही दोघींनी केलं. मधला तुकडा सरकवल्यावर उजेड आला तेव्हा ती ओरडलीच. मग मी पाथरवटांचा ओरखडा तिला वाचून दाखवला. ती काही वेळ गप्प होती. म्हणाली, "म्हणजे माझे गुण मी त्या दिवशी पेपरात लिहिलं त्याचे. मनातल्याचे नाहीत." मला भरून आलं.

आणि आज सकाळी डबा भरताना तिने विचारलं: "मावशी, मधली फिल्म नोंद करते कुठे? जो फोटॉन आरपार गेला, त्याने तर तिथे काहीच मागे ठेवलं नाही." मी काय सांगू?

प्रकाशकण
तिला सांगा, तिने फार नेमका प्रश्न विचारलाय. शोषलेला फोटॉन फिल्मला कणभर ऊब देतो. आरपार गेलेल्याची खूण म्हणजे ती ऊब *नसणं*. न वाजलेल्या शोधकासारखंच.

आणि याची चाचणी आहे. मधे फिल्मऐवजी 45 अंशांत कॅल्साइटचा स्फटिक ठेवायचा. तो काही शोषत नाही, प्रकाशाच्या दोन वाटा करतो. पुढे तसाच दुसरा स्फटिक उलटा ठेवून त्या दोन वाटा नीट जुळवून पुन्हा एक केल्या, तर शेवटी काळोखच राहतो, जणू मधे काही नव्हतंच. फोटॉन कुठल्या वाटेने गेला याची खूण कुठेच उरली नाही. आता एक वाट काळ्या कागदाने अडवा. उजेड येतो.

पाथरवट
कॅल्साइट माझ्याकडून. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटसोबत मिळतो, खाणीतून गोळा केलेले दोन पारदर्शक तुकडे माझ्या टेबलावर आहेत. वाटा जुळवण्याइतके सारखे नाहीत, ते काम प्रकाशकणांच्या टेबलावरच होईल. पण छापील ओळीवर ठेवला की एका ओळीच्या दोन दिसतात, आणि वर पोलरॉइड फिरवला की आधी एक नाहीशी होते, मग दुसरी. ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. रविवारी कुरिअर करतो.